मका कोळसा खातो का?

पावसाळ्यातली संध्याकाळ. रत्नागिरी शहरातून निघून भाट्याच्या खाडीवरचा पूल ओलांडला, की उजव्या हाताला सुरूचं बन लागतं. बनापलीकडे लांबच लांब पुळण आणि समोर खवळलेला समुद्र. अंगावर भुरभुर पाऊस. अशा वेळी काय खावंसं वाटतं, सांगा बरं?

बरोब्बर! भाजलेलं कणीस!

समजा, तुम्ही कणीसवाल्या मावशींच्या गाडीपाशी उभे आहात. मावशी पंख्याने कोळसे फुलवतायत. कणीस तडतडतंय. तुम्ही विचारता, "मावशी, हे कणीस इथलंच का हो?"

मावशी हसतात. "इथलं कुठलं बाळा! घाटावरनं येतं. आमच्या ह्या वाळवट जमिनीत मका कसला होतोय?"

तुम्ही लिंबू-मीठ चोळलेलं कणीस खाता, उरलेलं बुरकुंडं टाकता आणि घरी जाता. गोष्ट तिथेच संपते. पण दोस्तांनो, जरा मागे वळून त्या गाडीकडे पाहा. मावशींनी काम संपल्यावर पाणी मारून विझवलेले कोळसे एका कोपऱ्यात पडलेत. ज्या कोळशावर कणीस भाजलं, तोच कोळसा जमिनीत घालून कणीस पिकवायलाही मदत होते, असं कुणी सांगितलं तर?

"हॅ! मका काय कोळसा खातो की काय?" असंच म्हणाल ना?

नाही, मका कोळसा खात नाही. तरीही कोळसा त्याच्या कामाला येतो. कसा, तेच आज पाहू या.

गळकी बादली

आधी मावशींची तक्रार तपासू. किनाऱ्यालगतच्या जमिनीत वाळू जास्त. वाळूचे कण मोठे आणि त्यांच्यामधल्या फटीही मोठ्या. वरून पाणी ओतलं की सरळ खाली निघून जातं. जाताना ते एकटं जात नाही. जमिनीत जे काही विरघळणारं अन्न असेल, तेही सोबत घेऊन जातं.

आता रत्नागिरीचा पाऊस आठवा. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर! म्हणजे पडलेलं सगळं पाणी जागच्या जागी साठलं असतं, तर ते तीन मीटरच्याही वर चढलं असतं. तुमच्या घराच्या छताला टेकलं असतं म्हणा ना! आणि हा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. अशा धुलाईत वाळूतलं अन्न टिकणार कसं?

किनारा सोडून जरा वर सड्यावर गेलं, तर तिथे तांबडी जांभी माती. तिची तऱ्हा वेगळी. हजारो वर्षांच्या पावसाने तिच्यातला चुना आणि इतर क्षार धुऊन नेले. मागे उरलं ते मुख्यतः लोह आणि ॲल्युमिनियम. म्हणून तिचा रंग तांबडा आणि स्वभाव आंबट, म्हणजे आम्लधर्मी. या मातीत स्फुरद घातला तरी ती तो घट्ट धरून बसते, पिकाला सहजासहजी देत नाही.

थोडक्यात, एक माती गळकी बादली आणि दुसरी कुलूप लावलेली पेटी.

आणि मका? मका म्हणजे भारी खादाड! अवघ्या तीन-साडेतीन महिन्यांत तो माणसापेक्षा उंच होतो, तुरा काढतो, कणसं भरतो. एवढ्या घाईत वाढायचं तर अन्नही भरपूर लागणार. आपल्याकडे मक्यासाठी हेक्टरी १२० किलो नत्राची शिफारस केली जाते. हेक्टर तुम्हाला मोठा वाटेल, म्हणून गुंठ्याचा हिशेब करू. एका गुंठ्याला साधारण १ किलो २०० ग्रॅम नत्र. ते मिळालं नाही की मका लगेच चुगली करतो. खालच्या पानांच्या टोकापासून मधल्या शिरेच्या बाजूने पिवळेपणा आत सरकतो आणि पानावर उलट्या आठासारखी खूण उमटते. स्फुरद कमी पडला तर कोवळ्या रोपाची पानं जांभळट होतात. डॉक्टर जीभ बघतात ना, तशी मक्याची पानं बघायची!

मग नारळ कसा उभा?

इथे एखादा हुशार वाचक विचारील, "भाट्याला एवढ्या नारळाच्या बागा आहेत. त्यांना बरी चालते ही जमीन?"

प्रश्न अगदी योग्य आहे. भाट्याला नुसत्या बागाच नाहीत, तर १९५५ साली सुरू झालेलं प्रादेशिक नारळ संशोधन केंद्रही आहे. आज ते दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचा भाग आहे. 'प्रताप' ही नारळाची जात कोकणातल्या बागाईतदारांना याच विद्यापीठाने दिली. भाट्याच्या केंद्राची आणखी एक ओळख म्हणजे 'लाखी बाग'. नारळाच्या दोन झाडांमध्ये भरपूर मोकळी जागा असते. ती रिकामी कशाला ठेवायची? तिथे जायफळ, दालचिनी, केळी, अननस लावायचे आणि नारळाच्याच खोडावर काळी मिरी चढवायची. एकाच जागेतून अनेक पिकं. लाखाचं उत्पन्न देणारी म्हणून ती लाखी बाग.

अशा बागेतून फक्त नारळच पडत नाहीत. नारळाचं एक चांगलं झाड वर्षाला सुमारे बारा झावळ्या टाकतं. साडेसात मीटर अंतराने लावलेल्या बागेत हेक्टरी पावणेदोनशे झाडं बसतात. करा बरं गुणाकार! १७५ गुणिले १२ म्हणजे २१०० झावळ्या. शिवाय पोयी, सोडणं, करवंट्या, केळीचे खुंट आणि मसाल्याच्या झाडांचा पातेरा.

हे सगळं झाडांनी जमिनीतून उचललेल्या अन्नातूनच तयार झालेलं असतं. ते परत जमिनीत गेलं तर बाग पोसली जाते. आणि रोज सकाळी अंगण झाडून, ढीग करून काडी लावली तर? घटकाभर धूर होतो, आजोबांना ठसका लागतो आणि मागे ओंजळभर पांढरी राख उरते. नत्र आणि कर्ब धुराबरोबर हवेत जातात. उरलेली राख पहिल्या मोठ्या सरीत वाहून जाते. आपल्या कितीतरी गावांत मातीच्या तोंडचा घास असा रोज जळतो.

कुजवायचं कसं?

हा घास वाचवण्याचा पहिला मार्ग म्हणजे कंपोस्ट. पालापाचोळा, शेण, माती आणि पाणी यांचे थर देऊन कुजवलेलं खत. ही विद्या फार जुनी आहे, पण तिला शास्त्रशुद्ध रूप मिळालं ते होळकरांच्या इंदूरमध्ये. तिथल्या शेती संशोधन संस्थेत १९२४ ते १९३१ या काळात अल्बर्ट हॉवर्ड यांनी काम केलं. आपल्या शेतकऱ्यांच्या पद्धती त्यांनी बारकाईने पाहिल्या, काडीकचरा, शेण, गोमूत्राने भिजलेली माती आणि लाकडाची राख यांचे थर रचले, ढीग वेळोवेळी उलथले आणि सुमारे तीन महिन्यांत तयार होणारं खत बनवलं. त्यांचे सहकारी होते यशवंत वाड. १९३१ साली या दोघांनी मिळून लिहिलेलं पुस्तक निघालं आणि 'इंदूर पद्धत' जगभर पोचली.

दुसरं नाव थेट महाराष्ट्रातलं. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदचे ना. दे. पांढरीपांडे. लोक त्यांना प्रेमाने 'नाडेप काका' म्हणत, आणि त्यांच्या नावानेच 'नाडेप' पद्धत प्रसिद्ध झाली. शेण थोडंच आहे, पण काडीकचरा भरपूर आहे, अशा शेतकऱ्यासाठी ही पद्धत. विटांचं एक टाकं बांधायचं. लांबी १० फूट, रुंदी ६ फूट, उंची ३ फूट. हवा खेळावी म्हणून भिंतींना भोकं ठेवायची. त्यात साधारण १४०० ते १५०० किलो काडीकचरा, फक्त ९० ते १०० किलो शेण, गाळलेली माती आणि पाणी यांचे थर भरायचे आणि वरून लिंपून टाकायचं. तीन ते चार महिन्यांत काळसर, भुसभुशीत, पहिल्या पावसातल्या मातीसारख्या वासाचं खत तयार!

नारळाच्या झावळ्या मात्र चिवट असतात, लवकर कुजत नाहीत. पण केरळातल्या कासरगोडच्या केंद्रीय संशोधन संस्थेने युड्रिलस जातीच्या गांडुळांकडून झावळ्यांचंही गांडूळखत करून दाखवलं आहे. झावळ्या आधी काही दिवस शेणकाल्यात मुरवायच्या आणि मग गांडुळांच्या स्वाधीन करायच्या.

मग झालं की! कंपोस्ट घाला आणि मका लावा. कोळसा हवाच कशाला?

कारण आपली बादली गळकी आहे! उष्ण आणि दमट हवेत कंपोस्ट भराभर संपतं. जमिनीतले सूक्ष्मजीव ते खाऊन टाकतात आणि सुटं झालेलं अन्न पाऊस धुऊन नेतो. दरवर्षी पुन्हा नव्याने घालावं लागतं. अन्न आहे, पण ते साठवायला फडताळ नाही. हे फडताळ म्हणजेच कोळसा.

काळ्या मातीचं कोडं

आता आपल्याला थोडं लांब जायचं आहे. कोकणासारखाच धो धो पाऊस आणि तशीच धुपलेली आम्ल माती असलेल्या दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉनच्या जंगलात. तिथे या निकस मातीत मध्येच काळ्याभोर, सुपीक मातीचे पट्टे सापडतात. पोर्तुगीज भाषेत त्यांना 'तेरा प्रेता' म्हणतात. नाव ऐकून घाबरू नका! तेरा नाही आणि प्रेतही नाही. त्याचा साधा अर्थ 'काळी माती'.

ही माती खणली की तिच्यात कोळशाचे तुकडे, मडक्यांच्या खापऱ्या, माशांचे काटे, हाडं असं सगळं सापडतं. म्हणजे ही माणसांच्या वस्तीची खूण! तिथल्या मूळ रहिवाशांनी चुलीतला कोळसा आणि घरातलं खरकटं पिढ्यान्‌पिढ्या जमिनीत टाकलं. काही ठिकाणची ही माती दोन हजार वर्षांहून जुनी आहे. माणसं गेली, गावं गेली, पण माती अजून सुपीक आहे.

शेतीसाठी मुद्दाम तयार केलेल्या अशा कोळशाला आज शास्त्रज्ञ 'बायोचार' म्हणतात. आपण त्याला जैवकोळसा म्हणू.

कोळशात असं असतं तरी काय? काडी हवेत जाळली तर राख होते. पण हवा कमी मिळाली तर काडीतला वायू तेवढा जळतो आणि कर्बाचा सांगाडा शिल्लक राहतो. त्या काडीत पाणी वाहून नेणाऱ्या ज्या बारीक नळ्या होत्या, त्या तशाच राहतात. कोळशाचा तुकडा भिंगाखाली धरून पाहा. मधमाशीच्या पोळ्यासारखा दिसेल. चांगल्या भाजलेल्या एक ग्रॅम कोळशातल्या सगळ्या भोकांच्या भिंती उलगडून पसरता आल्या, तर एका गुंठ्याहून मोठी जागा व्यापतील! म्हणूनच तर पाणी शुद्ध करायच्या यंत्रात करवंटीच्या कोळशापासून केलेली पूड वापरतात.

या भोकांत पाणी थांबतं, अन्नद्रव्यं चिकटून राहतात, सूक्ष्मजीव बिऱ्हाड करतात. कोळशासोबत थोडी राख असते, तिच्यामुळे मातीचा आंबटपणा कमी होतो. आणि कोळसा सहजासहजी कुजत नाही. पाचोळ्यातला कर्ब वर्षा-दोन वर्षांत बहुतेक हवेत परततो. कोळशातला कर्ब शेकडो वर्षं जमिनीत राहू शकतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड वाढून पृथ्वी तापते आहे, हे तुम्ही शाळेत शिकलाच आहात. त्यातला थोडासा कर्ब आपण असा जमिनीत कोंडून ठेवू शकतो.

आपला राब

"पण आमचे आजोबा तर शेत भाजायचेच!" कोकणातले वाचक म्हणतील. खरं आहे. भाताची रोपं करायची त्या तुकड्यावर मार्च-एप्रिलमध्ये शेण, कवळ, पातेरा, गवत यांचे थर पसरून वर माती टाकायची आणि वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं. हा आपला राब. मातीच्या पांघरुणाखाली तो हळूहळू धुमसतो. त्यात राख होते, थोडा कोळसाही राहतो आणि तणाचं बी मरतं. पुण्याच्या शेतकी कॉलेजातले डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनी एन. व्ही. जोशी आणि एन. व्ही. कानिटकर यांच्यासह राबाचा शास्त्रीय अभ्यास करून १९१२ साली तो प्रसिद्ध केला होता. अडाणीपणा म्हणून हसण्यावारी न्यावी अशी ही पद्धत नाही, हे त्या काळच्या शास्त्रज्ञांनीही ओळखलं होतं.

पण राबाला किंमत मोजावी लागते. झाडांच्या फांद्या तुटतात, धूर होतो आणि बहुतेक पाचोळा जळून राखच होते. म्हणून आता शेतीतज्ज्ञ राबाऐवजी कंपोस्ट घातलेले गादीवाफे करायला सांगतात. जैवकोळशाची कल्पना थोडी निराळी आहे. झाड तोडायचं नाही, पडलेलंच वापरायचं आणि राख होण्याआधी विझवायचं.

पहिल्या वर्षी काय झालं?

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. हे सगळं मक्यावर कुणी करून पाहिलं का?

हो, पाहिलं. दक्षिण अमेरिकेतल्या कोलंबिया देशात आम्ल मातीच्या एका पठारी शेतात शास्त्रज्ञांनी हेक्टरी २० टन कोळसा एकदाच मिसळला. म्हणजे आपल्या गुंठ्याला २०० किलो. शेजारचा तुकडा कोळशाविना ठेवला. बाकी खतं दोन्हीकडे सारखी. मग २००३ ते २००६ अशी चार वर्षं मका घेतला.

पहिल्या वर्षी काय फरक पडला असेल?

काहीच नाही! दखल घेण्याजोगा फरक शून्य.

दुसऱ्या वर्षी कोळशाच्या तुकड्यात २८ टक्के जास्त मका झाला. तिसऱ्या वर्षी ३० टक्के. आणि चौथ्या वर्षी १४० टक्के जास्त! हा आकडा वाचून उड्या मारू नका. चौथ्या वर्षी दोन्हीकडचं उत्पन्न घटलं होतं, कारण जमिनीतलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम कमी होत चाललं होतं. पण कोळसा नसलेला तुकडा फार जास्त कोसळला. कोळशाचा तुकडा तग धरून राहिला.

२०१७ साली शास्त्रज्ञांनी जगभरच्या अशा प्रयोगांची एकत्र बेरीज केली. उष्ण प्रदेशांत कोळशाने उत्पन्न सरासरी २५ टक्क्यांच्या आसपास वाढलं होतं. थंड, समशीतोष्ण प्रदेशांत मात्र सरासरी वाढ दिसलीच नाही. कारण तिथल्या अनेक जमिनी मुळातच चांगल्या होत्या. ज्याची बादली गळत नाही, त्याला डाग लावून काय उपयोग? म्हणून देशावरच्या दोस्तांनो, जरा थांबा. तुमची काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि बहुधा आम्लही नसते. तुम्हाला कंपोस्ट हवंच, पण कोळशाने कोकणाइतका फायदा होईलच असं नाही. आधी मातीची तपासणी करून घ्या.

उपाशी कोळसा

आणखी एक धोक्याची सूचना. ताजा, कोरडा कोळसा उपाशी असतो! तो तसाच मातीत घातला तर मातीतलंच नत्र तो स्वतःला चिकटवून घेतो. मका बिचारा पिवळा पडतो. मग लोक म्हणतात, "कोळशाने पीक गेलं." म्हणून आधी कोळशाला जेवू घालायचं. कोळशाचे हरभऱ्याएवढे तुकडे करा. एक भाग कोळसा आणि दोन भाग कंपोस्ट मिसळा, त्यावर शेणकाला किंवा पाणी घातलेलं गोमूत्र शिंपडा आणि दोन-तीन आठवडे ओलसर ठेवा. फडताळ आधी भरायचं आणि मग मक्याच्या घरी पाठवायचं.

मोठ्या शेतावर मक्याची सगळी भूक एकट्या कंपोस्टने भागेल का? शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र असतं. एका गुंठ्याचं १ किलो २०० ग्रॅम नत्र म्हणजे २४० किलो शेणखत. शिवाय त्यातलं सगळं नत्र पहिल्याच वर्षी मिळत नाही. म्हणून बांधावरच्या गिरिपुष्पाचा कोवळा पाला घालतात, गरजेपुरतं रासायनिक खतही देतात. कोळशाचं काम एवढंच, की दिलेलं वाया जाऊ द्यायचं नाही.

चला, करून पाहू!

आधी बिनआगीचा प्रयोग. प्लॅस्टिकच्या दोन सारख्या बाटल्या घ्या. तळ कापा, तोंडाला फडकं बांधा आणि उलट्या टांगा. एकीत चार वाट्या कोरडी वाळू भरा. दुसरीत तीन वाट्या वाळू, अर्धी वाटी कोळशाचा चुरा आणि अर्धी वाटी कंपोस्ट. दोन्हींत दोन-दोन वाट्या पाणी हळूहळू ओता. खाली किती पाणी गळलं ते मोजा. वाळूने किती राखलं आणि मिश्रणाने किती, ते वहीत लिहा.

आता मक्याचा प्रयोग. सारख्या मापाचे बारा डबे घ्या. रंगाचे असतील तर घासून स्वच्छ करा. तळाला भोकं पाडा. चार प्रकार करा आणि प्रत्येक प्रकाराचे तीन डबे भरा.

पहिला प्रकार: नुसती माती, १० वाट्या.
दुसरा: ८ वाट्या माती, २ वाट्या कंपोस्ट.
तिसरा: ९ वाट्या माती, १ वाटी कोरडा कोळसा.
चौथा: ७ वाट्या माती आणि आधी मुरवलेलं २ वाट्या कंपोस्ट व १ वाटी कोळसा यांचं मिश्रण.

डबा मोठा असेल तर वाटीही मोठी घ्या, प्रमाण तेच ठेवा.

तीन-तीन डबे कशाला? कारण एखाद्या डब्यातलं बी मुळातच कच्चं निघू शकतं. एकाच डब्यावर निकाल दिला तर अन्याय होईल. डबे कुठे ठेवायचे हेही चिठ्ठ्या टाकून ठरवा. नाहीतर आपला लाडका डबा आपण नकळत उन्हात ठेवतो!

प्रत्येक डब्यात तीन दाणे पेरा. रोपं आली की सगळ्यात सशक्त एक ठेवून बाकीची काढा. सगळ्यांना सारखंच पाणी द्या. दर रविवारी पान सरळ ताणून उंची मोजा, पानांचा रंग लिहा. सहा आठवड्यांनी रोपं कापा, उन्हात खडखडीत वाळवा आणि वाण्याच्या काट्यावर वजन करा. डब्यात कणसं भरण्याची वाट पाहू नका. मक्याचे पराग वाऱ्याने उडतात, त्यासाठी बरीच झाडं जवळ जवळ हवीत.

कोळसा कुठून आणाल? चुलीतला विझवलेला चालेल, नाहीतर कणीसवाल्या मावशींकडे मागा. घरी करायचा असेल तर मोठ्या माणसांच्या हातूनच. खोलगट निमुळता खड्डा खणून त्यात सुक्या करवंट्या, सुरूच्या काटक्या वरून पेटवतात. वरच्या थरावर राखेचा पांढरेपणा दिसू लागला की नवा थर टाकतात. शेवटी भरपूर पाणी ओतून पूर्ण विझवतात. दहा किलो सुक्या मालातून दोन-तीन किलो कोळसा मिळाला तरी खूप. रंगवलेलं किंवा पॉलिश केलेलं लाकूड नको, प्लॅस्टिक तर मुळीच नको. खाडीच्या खाऱ्या पाण्यात भिजलेली सोडणंही नकोत. कोळसा फोडताना तो ओला करा आणि नाकाला रुमाल बांधा.

निकाल काय येईल? मी सांगणार नाही. तुमची माती वेगळी, तुमचं पाणी वेगळं. कदाचित पहिल्या खेपेला दुसरा आणि चौथा डबा सारखेच दिसतील. कदाचित तिसऱ्या डब्यातला मका सगळ्यांत पिवळा असेल. तरी निराश होऊन माती ओतून देऊ नका. त्याच डब्यांत, नवं खत न घालता, पुन्हा मका पेरा. मग तिसऱ्यांदा पेरा. खरी शर्यत तिथे सुरू होते. धुतल्या जाणाऱ्या मातीत कोण टिकतं, ते तेव्हाच कळतं.

कोलंबियातल्या त्या शास्त्रज्ञांनी पहिल्या वर्षाचा शून्य पाहून गाशा गुंडाळला असता तर? पुढचे तिन्ही आकडे जगाला कळलेच नसते.

तोवर एक काम मात्र आजपासून करता येईल. उद्या सकाळी अंगण झाडल्यावर कुणी पातेऱ्याला काडी लावायला निघालं, की हात जोडून सांगा, "थांबा आजी, हा मातीचा डबा आहे. जेवणाचा!" आणि तो ढीग परसातल्या खड्ड्यात नेऊन टाका.

तिन्ही पेरण्यांची वही पूर्ण झाली की आम्हाला जरूर कळवा. आणि हो, निकाल शून्य आला तरी कळवा!